प्लंबर येईपर्यंतचा तास



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला आमंत्रण दिले, तेव्हा मी कामगारांच्या हक्कांवर बोलेन अशी त्यांची साहजिकच अपेक्षा होती. गेली तीस वर्षे मी तेच बोलत आलो आहे. परंतु या वेळी मला गळतीवर बोलावयाचे आहे असे मी कळविले, तेव्हा फोनवर क्षणभर शांतता पसरली आणि मग पलीकडून विचारणा झाली, “गळती म्हणजे कारभारातली गळती का?” मी म्हटले, “नाही हो, नळातली. पाण्याची.” या व्यासपीठावर विद्वान मंडळी थोर विषयांवर बोलतात आणि ते योग्यच आहे. त्यांत एक संध्याकाळ नळाला दिली तर फारसे बिघडणार नाही.

विषय क्षुल्लक वाटतो खरा. मलाही तो वाटत असे. तो तसा का वाटेनासा झाला ते आधी सांगतो. त्यात माझी फजिती आहे, पण ती कबूल केल्यावाचून आपल्याला चार गोष्टी सांगण्याचा अधिकार मला पोचत नाही.

माझा जन्म लालबागच्या चाळीतला. वडील गिरणीत होते. १९८२ च्या संपात घरात पगार येईनासा झाला, माझी शाळा आठवीत सुटली आणि पुढे मामांबरोबर मी पिंपरीस आलो. एका कारखान्याच्या देखभाल खात्यात हेल्पर म्हणून लागलो. पाना, पाइप आणि पॅकिंग हीच माझी बाराखडी. बाकीचे शिक्षण युनियनच्या कपाटातल्या पुस्तकांनी केले. त्या कारखान्यात प्रत्येक व्हॉल्व्हला क्रमांकाचा पत्रा बांधलेला असे आणि कोणता व्हॉल्व्ह काय अडवितो त्याचा तक्ता खात्याच्या दाराशी टांगलेला असे. तक्ता इंग्रजीत होता. एकदा गरम पाण्याचा पाइप फुटला. नव्याने लागलेल्या पोराला तक्ता वाचता आला नाही, त्याने भलताच व्हॉल्व्ह फिरविला आणि त्याचा हात भाजला. त्यानंतर आम्ही व्यवस्थापनापुढे ठेविलेली पहिली मागणी पगाराची नव्हती, तक्ता मराठीत लावा ही होती. ती मान्य झाली. तो अर्ज मी लिहिला होता, आणि पुढे कितीतरी सभांतून ही हकीकत मी मोठ्या अभिमानाने सांगत असे.

आता फजिती ऐका. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिना, रविवारची रात्र, साडेदहाचा सुमार. आमची इमारत चार मजली, आमचे घर पहिल्या मजल्यावर. सौभाग्यवती लेकीच्या बाळंतपणासाठी नागपूरला गेलेली. मी एकटाच. बेसिनखालचा अँगल कॉक थोडा थेंबथेंब गळत होता. देखभाल खात्यातला माणूस मी, तेव्हा पाना घेतला आणि तो आवळावयास गेलो. भिंतीतला निपल आतून गंजलेला होता. तो कॉकसकट माझ्या हातात आला आणि भिंतीतून पाण्याची धार थेट छातीवर आदळली.

मी काय केले? तळहाताने ते भोक दाबून धरले. डावा हात दुखला की उजवा लावी. मध्येच ओल्या हाताने प्लंबरला फोन केला. तो जत्रेला गावी गेलेला. पुन्हा हात भोकावर. अशी वीस-पंचवीस मिनिटे गेली. बोटांच्या फटींतून पाणी उडतच होते, आणि हात काढला की बादली मिनिटाच्या आत भरत होती.

आमच्या खाली तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या एक ताई राहतात. लग्नसराईचे दिवस, त्यांच्याकडे ऑर्डरचे कपडे ढिगाने पडलेले. पाणी माझ्या फरशीतून झिरपून त्यांच्या छतातून, पंख्याच्या दांड्यावरून खाली येऊ लागले. ताई स्टुलावर चढल्या आणि पंख्याखालची शिलाई मशीन वाचवावी म्हणून वर परात धरू लागल्या. पंखा चालूच होता. सुदैवाने समोरच्या घरात वीज खात्यातून निवृत्त झालेले एक वायरमन राहतात. त्यांनी दारातूनच ओरडून ताईंना खाली उतरविले, जिन्याखाली कोरड्या जमिनीवर उभे राहून त्यांच्या घराचा मेन स्विच पाडला, आणि मग वर येऊन मला विचारले, “अहो, कॉक बंद केलात का?” मी विचारले, “कुठला कॉक?”

त्या घरात मी अठरा वर्षे राहत होतो.

शेवटी नागपूरला फोन लावला. सौभाग्यवती म्हणाली, “गच्चीवर जा. टाकीतून पाच नळ खाली उतरतात. जिन्याकडून दुसरा आपल्या बाथरूमचा. त्याचा दांडा आडवा करा. आणि पायात चप्पल घाला, गच्चीवर शेवाळ आहे.” तिला कसे ठाऊक? टाकी धुवावयास माणसे येत तेव्हा दर वेळी तीच वर उभी असे. मी सभेला गेलेला असे. दांडा आडवा केला, पाणी थांबले. त्याला दहा सेकंदसुद्धा लागली नाहीत.

नुकसान किती झाले? आमच्या जिन्याच्या टाकीवर आठ कुटुंबे. त्या वेळी आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येई, आणि उरलेल्या साठ्यातले निम्म्याहून अधिक माझ्या न्हाणीघरातून वाहून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आठही घरांना बादल्या मोजून घ्याव्या लागल्या. ताईंच्या ऑर्डरचे बरेच कपडे डागाळले, त्यांतले एक लग्नाचे. मी भरपाई दिली, पण ज्या घरचे लग्न होते त्यांची वेळ काही मी भरून देऊ शकलो नाही. आणि ताईंच्या हातातली परात चार बोटे वर गेली असती तर भरून देण्यासारखे काही उरलेच नसते.

तेव्हापासून मी या विषयाचा पिच्छा पुरविला. प्लंबरांच्या मागे हिंडलो, विचारले, टिपून घेतले. त्यातून जे हाती आले ते आज आपल्यापुढे ठेवितो. सार एवढेच की गळती दुरुस्त करणे हे कारागिराचे काम आहे. ती थोपविणे हे घरच्या माणसाचे काम आहे. ही दोन कामे निराळी आहेत. मी दुसरे सोडून पहिले करावयास गेलो, म्हणून फसलो.

हे अज्ञान आपल्यात आले कोठून, हेही पाहण्यासारखे आहे. विहिरीचे पाणी आपण ओढल्याशिवाय येत नसे. नळाचे पाणी आपण अडविल्याशिवाय थांबत नाही. नळाबरोबर अडविण्याची जबाबदारी घरात आली. पुण्यात पेशव्यांच्या काळी कात्रजच्या तलावातून भुयारी मार्गाने पाणी आले ते सार्वजनिक हौदांत. मुंबईला १८६० साली विहार तलावाचे पाणी आले तेव्हाही चाळीत नळ सामायिकच असत. आमच्या लालबागच्या चाळीतल्या नळाची चावी कोठे आहे हे शेंबड्या पोरालाही माहीत होते, कारण नळ सगळ्यांचा होता. पुढे प्रत्येकाच्या घरात चार-सहा नळ आले, पाइप भिंतींत गेले, त्यांवर टाइल्स बसल्या, आणि चावी गच्चीवर गेली. सोय वाढली आणि माहिती घटली.

आता क्रमाने कामे सांगतो.

पहिले काम विजेचे. पाणी पाहून जीव पाण्याकडे धावतो, तो आवरावा आणि आधी वर-खाली पाहावे: पाणी कोणत्या बोर्डावर, प्लगवर, पंख्यावर, फ्रिजखाली जात आहे? तसे असेल तर घराचा मेन स्विच पाडावा. पण तो पाडताना आपण कोरड्यात उभे असले पाहिजे आणि हात कोरडा असला पाहिजे. मेनचा बोर्डच भिजला असेल किंवा तेथे पोचण्यासाठी पाण्यातून जावे लागत असेल, तर त्याला हात लावू नये. खाली मीटरपाशी तोडावे, तेही ओले असेल तर वीज कंपनीला कळवावे आणि माणसे बाहेर काढावीत. येथे एक फसगत होते. घरात इन्व्हर्टर असेल तर मेन पाडल्यावरही त्याच्यावरचे दिवे-पंखे चालूच राहतात. तो वेगळा बंद करावा लागतो. पाणी जिन्यातून लिफ्टच्या खड्ड्याकडे जात असेल तर लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करावी. आणि सवड असताना आपल्या बोर्डावर ईएलसीबी आहे की नाही ते पाहून ठेवावे. वीज कोठे जमिनीकडे गळू लागली, तर घरगुती वापराचे हे उपकरण साधारण ३० मिलिअँपिअरलाच पुरवठा तोडते. त्यावर तपासणीचे बटन असते. ते महिन्यातून एकदा दाबून पाहावे.

दुसरे काम पाणी अडविण्याचे, आणि ते उगमाकडे जितके जवळून करता येईल तितके बरे. बेसिन, फ्लशची टाकी, गीझर यांच्याजवळ छोटा कॉक असतो. गळती त्याच्या पुढे असेल तर तोच बंद करावा. तो नसेल किंवा माझ्यासारखा हातात आला असेल, तर न्हाणीघराच्या किंवा स्वयंपाकघराच्या भिंतीतला कॉक. तोही नसेल तर गच्ची. गच्चीवर मात्र डोळे उघडे ठेवावेत. एका घराला पुष्कळदा एकच नळ नसतो. स्वयंपाकघराचा वेगळा, न्हाणीघराचा वेगळा, संडासाच्या फ्लशचा वेगळा, आणि सोलर असेल तर गरम पाण्याचा आणखी वेगळा. थंड पाण्याचा कॉक बंद केला तरी धार थांबत नाही म्हणून घाबरलेले लोक मी पाहिले आहेत. फुटलेला नळ सोलरचा होता.

कॉक दोन तऱ्हेचे असतात. दांड्याचा असेल तर दांडा पाइपच्या रेषेत म्हणजे चालू, आडवा म्हणजे बंद. पाव फेऱ्याचे काम. चाकाचा असेल तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने अनेक फेरे द्यावे लागतात. जुने चाक वर्षानुवर्षे न फिरविल्याने घट्ट बसते. त्यावर लांब पाना घालून जोर केला की आतली दांडी तुटते आणि एका गळतीच्या दोन होतात. त्याला थोडे मिटावे, थोडे उघडावे, पुन्हा थोडे अधिक मिटावे, असे आलटून पालटून चालवावे. तरीही बंद होत नसेल तर टाकीचा मुख्य कॉक बंद करावा आणि साऱ्यांना सांगावे. तोही जाम असेल, तर पंप बंद ठेवावा म्हणजे टाकीत नवे पाणी चढणार नाही, आणि शेजाऱ्यांना हाक मारून सांगावे की आपापली भांडी, बादल्या, पिंपे भरून घ्या. तेच पाणी माझ्या मोरीतून जाण्याऐवजी आठ घरांत साठेल आणि टाकीही लवकर रिकामी होईल. यात मात्र संकोच आड येतो. आपल्या घरची गळती चार लोकांना कळू नये म्हणून माणूस दार लावून घेतो. मीही पहिली दहा मिनिटे तेच केले होते.

कॉक बंद केल्यावरही पाइपात उभे असलेले पाणी येतच राहते. ते त्याच नळावरचा सर्वांत खालचा नळ उघडून बादलीत काढून घ्यावे. गळती गीझरची असेल तर आधी त्याचा स्विच बंद, मग त्याकडे जाणारा पाण्याचा कॉक बंद. गॅसचा गीझर असेल तर गॅसही बंद. आत तापलेले पाणी असते, ते निवेपर्यंत सोडू नये.

पाण्याचा जोर किती असतो याचा अंदाज ठेवला की पुढची कामे समजतात. दहा मीटर उंचीवर टाकी असली की खाली दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो दाब येतो. आमच्या घराला जवळजवळ तेवढाच. अर्ध्या इंची पाइपाच्या तोंडाचे क्षेत्रफळ पावणेदोन चौरस सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे मी ज्याला झुंजत होतो तो जोर दोन किलोचाही नव्हता. तो हाताने धरता येतो, आणि तीच खरी फसवणूक. हात धरून ठेविला की कॉक बंद करू शकणारा एकमेव माणूस भिंतीला खिळून बसतो. एकटे असाल तर पाणी वाहू द्यावे आणि कॉककडे पळावे. दोघे असाल तर एकाने धरावे, दुसऱ्याने पळावे. हाच दाब तीन मिलिमीटरच्या भोकातून तासाला सुमारे दोनशे लिटर पाणी काढतो. म्हणजे दिवसाला पाच हजार, एक टँकर. बारीक धार म्हणून ती उद्यावर टाकू नये.

तिसरे काम तात्पुरत्या बंदोबस्ताचे. उघड्या पाइपाला बारीक भोक पडले असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबची दोन बोटे रुंद पट्टी कापावी. भोकाच्या चार बोटे अलीकडून सुरुवात करून, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा येईल असा ताणून गुंडाळावा, भोकाच्या चार बोटे पलीकडे न्यावा आणि वरून तार किंवा होज क्लिप आवळावी. आमच्या ताई म्हणतात, काठ शिवताना जसा टाका टाक्यावर येतो तसे. माझ्यासारखा भिंतीतून निपल तुटला असेल, तर निमुळती लाकडी खुंटी फडके गुंडाळून हलक्या हाताने ठोकून बसवावी. दोन किलोचा जोर ती पेलते. छताला पीओपी असेल आणि ते पोटासारखे फुगले असेल, तर वीज तोडून, खाली बादली ठेवून, आपण बाजूला उभे राहून त्याला काठीने बारीक भोक पाडावे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो ओझे. ते आपल्या वेळेने उतरलेले बरे, त्याच्या वेळेने कोसळलेले नको. मग दाराच्या उंबऱ्याशी गोणपाट अडवे घालून पाणी मोरीकडे वळवावे, धान्य आणि कागदपत्रे उचलावीत.

काय करू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. टेफ्लॉनची पांढरी टेप ही आट्यांवर गुंडाळण्यासाठी असते. फुटलेल्या पाइपावर बाहेरून ती कितीही गुंडाळली तरी उपयोग नाही. प्लास्टिकच्या पाइपाचा सोल्युशनचा डबा ओल्या पाइपाला धरत नाही. पाणी बंद करून, पुसून, कोरडे करूनच ते लावावे लागते. एम-सीललाही पाइप खरवडून कोरडा करावा लागतो आणि घट्ट होण्यास वेळ द्यावा लागतो. प्लास्टिकच्या आट्या जोराने आवळू नयेत, चिरतात. जुना लोखंडी पाइप तर आवळूच नये. तो बाहेरून चांगला दिसतो आणि आतून गंजाने पोखरलेला असतो, याचा दाखला मी दिलाच आहे. थेंबथेंब गळणाऱ्या जागी खाली बादली ठेवून सकाळपर्यंत थांबणे, हा पुष्कळदा सर्वांत शहाणा उपाय असतो.

येथवर फुटलेल्या नळाचे झाले. पण पुष्कळ गळत्या दिसत नाहीत. भिंतीला नुसती ओल येते, आणि तिच्यापायी वरच्या-खालच्या घरांचे वर्षानुवर्षे बोलणे बंद होते. अशा वेळी ती कोणत्या जातीची आहे ते आपले आपणच ओळखता येते. रात्रंदिवस सारखी ओल असेल आणि कॉक बंद ठेविल्यावर कमी होत असेल, तर ती पाणीपुरवठ्याच्या नळाची. वर कोणी आंघोळ केली, कपडे धुतले की मगच वाढत असेल, तर सांडपाण्याच्या पाइपाची किंवा वरच्या फरशीच्या सांध्यांची. फक्त पावसाळ्यात येत असेल तर गच्चीची किंवा बाहेरच्या भिंतीची. संशय असेल तर वरच्यांच्या संमतीने त्यांचा कॉक एक रात्र बंद ठेवून पाहावे. महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामायिक नळांची दुरुस्ती संस्थेने करावयाची, घराच्या आतल्या न्हाणी-संडासाची सभासदाने करावयाची. तेव्हा भांडणाआधी जात ओळखावी. निम्मी भांडणे तेथेच मिटतात. मीटरच्या पलीकडे, रस्त्याच्या बाजूला गळती असेल तर खणाखणी करू नये, महापालिकेला कळवावे. आणि ती दुरुस्त होईपर्यंत पिण्याचे पाणी उकळून घ्यावे, कारण पुरवठा बंद असताना त्याच फटीतून बाहेरची घाण आत ओढली जाऊ शकते. सांडपाणी घरात आले असेल तर ब्लीचिंग पावडरने धुवावे, पण त्याच वेळी संडास धुण्याचे अॅसिड वापरू नये. दोन्ही मिसळली की क्लोरीनचा विषारी वायू सुटतो.

मग कारागीर येतो. फोनवर त्याला “पाणीच पाणी झालंय, लवकर या” एवढेच सांगितले तर तो हात हलवीत येतो आणि सामानासाठी पुन्हा बाजारात जातो. त्याला सांगावे: पाइप लोखंडी की प्लास्टिकचा, प्लास्टिकचा असेल तर पांढरा की पिवळसर, कारण पिवळसर बहुधा गरम पाण्याचा असतो, अर्ध्या इंची की पाऊण, आट्या तुटल्या की पाइप चिरला, कोणता कॉक बंद केला आहे. हल्ली फोनवर फोटो पाठविता येतो, तोही पाठवावा. रात्री-अपरात्री आला तर त्याच्या वेळेचे पैसे न कुरकुरता द्यावेत. हे मी युनियनवाला म्हणून बोलतो असे समजा हवे तर. दुसऱ्याच्या सांडपाण्यात हात घालणाऱ्या माणसाशी पन्नास रुपयांवरून घासाघीस करणारे सुशिक्षित मी पाहिले आहेत. त्याने काम केल्यावर लगेच सिमेंट फासू देऊ नये. आधी कॉक हळूहळू उघडावा, पाइपातली हवा जाऊ द्यावी, पहिले गढूळ पाणी बादलीत काढावे, आणि एक रात्र जोड उघडा ठेवून कागदाच्या तुकड्याने टिपून पाहावा. कागद कोरडा राहिला तर मग भिंत बुजवावी.

थोपविण्याला आपण कमी लेखतो, म्हणून एक आठवण करून देतो. १९६१ च्या जुलैत पानशेतचे धरण खचू लागले, तेव्हा लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. धरण वाचले नाही. १२ जुलैला ते फुटले आणि पुण्यात जे घडले ते येथल्या जुन्या घरांच्या भिंतींना ठाऊक आहे. पण ते काळोखात न फुटता दिवसा फुटले, आणि मधल्या त्या तासांनी किती माणसांना उंचावर जाऊ दिले याचा हिशेब मांडता येणार नाही. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले सांगतो. त्या जवानांनी धरण दुरुस्त केले नाही. त्यांनी वेळ मिळवून दिला. आपल्या घरातल्या लहानशा संकटातही आपल्याकडून तेवढेच अपेक्षित आहे.

शेवटी पुन्हा माझ्या इमारतीकडे येतो. दुसऱ्या दिवशी मी ताईंकडे माफी मागावयास गेलो. त्या रागावतील अशी तयारी ठेविली होती. त्या भिजलेले कापड पिळीत होत्या. म्हणाल्या, “भाऊ, झालं ते झालं. पण तो कॉक कुठला, ते मलाही दाखवून ठेवा. तुम्ही घरी नसाल तेव्हा मी काय करू?”

मित्रहो, कारखान्यात तक्ता मराठीत लावा म्हणून मी अर्ज लिहिला होता. त्याच मागणीचा अर्ज आता एका शेजारणीने तोंडी माझ्यापुढे ठेविला होता, आणि या वेळी व्यवस्थापन मीच होतो. त्या रविवारी आम्ही आठ घरची माणसे गच्चीवर गेलो. एकाने खाली नळ सोडावयाचा, दुसऱ्याने वर कॉक मिटावयाचा, असे करीत प्रत्येक नळ कोणाचा ते शोधून काढले. दोन कॉक जाम निघाले, ते बदलले. प्रत्येकावर रंगाने घराचा क्रमांक लिहिला. तक्ता करून जिन्यात, मीटरच्या वर, लहान मुलालाही वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरांत लावला. खाली प्लंबरचा, वायरमनचा आणि गच्चीची किल्ली ज्यांच्याकडे असते त्यांचा फोन लिहिला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पाळीपाळीने एक घर सारे कॉक एकदा मिटून उघडते, म्हणजे ते पुन्हा जाम होत नाहीत. मागच्या पावसाळ्यात तिसऱ्या मजल्यावर पाइप फुटला. घरात अकरा वर्षांची मुलगी आणि आजी दोघीच होत्या. आईवडील कामावरून परत येण्यापूर्वी मुलीने कॉक बंद केला होता आणि आजीने मोरीकडे गोणपाट घातले होते.

आपल्याकडे माझे एवढेच मागणे आहे. आज घरी गेल्यावर झोपण्यापूर्वी आपला कॉक कोठे आहे ते शोधा, एकदा मिटून उघडून पाहा, आणि घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः जे बहुतेक वेळ घरी असतात त्यांना, तो दाखवा. तो कोठे आहे हे आपल्यापेक्षा त्यांनाच आधीपासून ठाऊक असण्याचा संभव आहे. तसे असेल तर त्यांच्याकडून शिकून घ्या. मी तसेच केले.